चिनी मास्तर आणि विसण

“यात विसण कोणी घातलं?” मास्तरांनी विचारलं, आणि भर मांडवात मला “मी” म्हणावं लागलं.

विसण म्हणजे कढत पाण्यात घालायचं गार पाणी. आंघोळीच्या पाण्यात घालतो तसं मी लग्नाच्या प्यायच्या पाण्यात घातलं होतं, प्रत्येक माठाला नदीची एक कळशी. नदीच्या वरच्या अंगाला एका वाडीत पटकी लागली होती. पटकी म्हणजे कॉलरा. उलट्या-जुलाब होऊन माणूस एका दिवसात जातो. तिथली दोन माणसं गेली होती. इकडे माझ्या नणंदेचं, मार्थाचं लग्न लागायला तासभर होता. जामखेडकडचं वऱ्हाड बैलगाड्यांतून उतरून नुकतं टेकलं होतं. नवऱ्या मुलाचे थोरले चुलते याकोबअण्णा पेला तोंडाला लावणार, तोच मास्तरांनी तो हिसकावला. पाणी अण्णांच्या परीटघडीच्या धोतरावर सांडलं. मग मास्तरांनी कुणाची तरी काठी उचलली आणि एक माठ फोडला. मग दुसरा फोडला.

सासूबाई ओरडल्या, “आरं धरा त्याला! याड लागलंय मास्तरला!”

मला त्या वेळी वाटलं, हा माणूस चीनमध्येच का मेला नाही. वाटलं ते लिहिते.

त्यांचं नाव शमुवेल. आमच्या भिंतीला भिंत लागून राहायचे. तरुणपणी ते मिशनच्या शाळेत मास्तर होते. बायको पहिल्या बाळंतपणात गेली, मूलही गेलं. तेव्हा मिशनचे एक डॉक्टरसाहेब चीनला निघाले होते. त्यांच्याबरोबर दवाखान्याचं सामानसुमान सांभाळायला म्हणून मास्तर गेले. दोन वर्षांसाठी गेले आणि बारा वर्षं राहिले. जपानी विमानं तिथं बॉम्ब टाकायला लागली तेव्हा परत आले. येताना एक पत्र्याची पेटी आणली, झाकणाचा एक चिनी कप आणला आणि कापडी गुंड्यांचा एक निळा डगला आणला. बाकी सगळं बोलणं.

बोलणं म्हणजे किती, ते सांगते. आमच्या देवळात, म्हणजे वस्तीवरच्या चर्चमध्ये, पाळकसाहेबांनी त्यांना पहिल्याच रविवारी उभं केलं. चीनमध्ये देवाचं काम कसं चाललंय ते दहा मिनिटं सांगा म्हणाले. मास्तरांनी चीनच्या पहिल्या नदीपासून सुरुवात केली. ती पिवळी असते, डोंगरावरची माती घेऊन येते, दर थोड्या वर्षांनी वाट सोडते आणि गावंच्या गावं गिळते. मग एक राजा झाला, त्यानं तेरा वर्षं नदीला वाट काढून दिली आणि त्या तेरा वर्षांत तो स्वतःच्या दारावरून तीनदा गेला, पण घरात शिरला नाही. मग दुसरे राजे झाले. दोन तास झाले. पोरं झोपली. बाया भाकरीच्या नावानं एकेक उठल्या. मास्तर तेव्हा कुठं त्या सम्राटापर्यंत आले होते, ज्यानं सात राज्यांचं एक राज्य केलं आणि डोंगरावरून भिंत घातली. पाळकसाहेबांनी हळूच विचारलं, “मास्तर, आपला तारणारा कधी जन्मणार?” मास्तरांनी बोटांवर हिशेब केला आणि म्हणाले, “अजून दोनशे वर्षं आहेत, साहेब.”

त्यानंतर त्यांना देवळात बोलायला उभं केलं नाही. मग ते वस्तीच्या विहिरीवर बोलायचे, चक्कीवर बोलायचे, आणि आमच्या ओट्यावर तर रोजच.

माझा नवरा तेव्हा लढाईवर गेला होता. घरात आम्ही तिघी: सासूबाई, मार्था आणि मी. एकदा मास्तर ओट्यावर बसले आणि त्यांनी चुलीतली राख पसरून तीवर काडीनं एक चित्र काढलं. म्हणाले, “हे अक्षर बघा. वरती छप्पर आहे. खाली एक बाई बसली आहे. याचा अर्थ शांती. घरात बाई आली की शांती आली, असं त्यांचं म्हणणं.”

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, “छपराखाली येकच हाय नव्हं बाई? मंग व्हईलच शांती. हितं तीन हायेत. तीन काडून दाखव.”

मास्तर तसे प्रामाणिक. म्हणाले, “तेही अक्षर आहे, वहिनी. तीन बायका एकत्र काढल्या की त्याचा अर्थ वाईट होतो.”

“आता चिन्यांनीबी तेच म्हनायचं का?” सासूबाई म्हणाल्या आणि सूप आपटून आत गेल्या. मी मात्र हसले. त्या घरात मी फार वेळा हसले असं नाही.

मिशनच्या शाळेत ते पुन्हा मास्तर झाले होते, तिथं त्यांनी पोरांना चिनी शिकवायला घेतलं. त्या भाषेत एकच आवाज चार चालींवर म्हणतात. ‘मा’ असं उंच धरून म्हटलं तर आई, वर चढवलं तर अंबाडी, खाली नेऊन वर आणलं तर घोडा, धाडकन टाकलं तर शिव्या देणं. पोरांना पाढ्यांपेक्षा हे फार आवडलं. आठवडाभर वस्तीत ‘मा, मा’ चाललं होतं, जशी काय सगळ्यांची वासरं सुटली आहेत. सासूबाई म्हणाल्या, “आईला घोडी म्हनायला शिकिवतोय ह्यो.” मग शाळा तपासायला दिपोटी आले. त्यांनी पोरांना पाढे विचारले. पाढे येईनात. मास्तरांनी चार ‘मा’ म्हणून घेतले. दिपोटींनी वहीत काय लिहिलं ते कळलं नाही, पण मास्तरांना त्या वर्षी बढती मिळाली नाही.

मार्था एकटीच त्यांच्याकडे नीट शिकली. तिला शंभरभर अक्षरं काढता यायची. मास्तर तिला सांगायचे, चीनमध्ये जुन्या काळी मोठी परीक्षा असायची. हजारो माणसं येत, प्रत्येकाला कोनाड्याएवढ्या खोलीत कोंडत, अंथरूण-भाकरी बरोबर, आणि तीन तीन दिवस लिहायला लावत. पास झाला की शेतकऱ्याचा मुलगाही अंमलदार होई. कुणाचा कोण हे विचारत नसत. हे सांगताना त्यांचे डोळे भरून यायचे. आम्ही गावच्या विहिरीला शिवू शकत नव्हतो, म्हणून यायचे असतील.

मी विचारलं, “आन पोरींना बसू द्यायचे का परीक्षंला?”

“नाही. पोरींचे पाय बांधायचे. लहान राहावेत म्हणून.”

“मंग आमाला कशाला सांगता?”

त्यावर त्यांनी मार्थाच्या हातात पुन्हा काडी दिली.

हे सगळं चाललं असतं. माणूस वाईट नव्हता. काडेपेटी दिली तरी दोन्ही हातांनी द्यायचे आणि दोन्ही हातांनी घ्यायचे, त्यामुळे घरात दिवा लावायलाही वेळ लागायचा. भेटले की आधी विचारायचे, “जेवलात का?” चीनमध्ये राम राम म्हणत नाहीत, असं विचारतात म्हणे. एका दुष्काळाच्या वर्षी तान्हाबाई नावाच्या म्हातारीला त्यांनी असंच विचारलं. ती म्हणाली, “न्हाई. घाल.” मास्तरांनी आपली भाकरी आणून दिली. दुसऱ्या दिवशी ती त्यांच्या दारात जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, “इच्यार की आता.” महिनाभर तिनं रोज विचारून घेतलं. पण त्यांनी विचारायचं सोडलं नाही.

त्यांचं खरं वेड होतं ऊन पाण्याचं. भर मे महिन्यात तो झाकणाचा कप घेऊन कढत पाणी फुंकत बसायचे. म्हणायचे, चीनमध्ये राजा असो की हमाल, कच्चं पाणी पीत नाही. गल्लीत ऊन पाण्याची दुकानं असतात, माणसं किटली घेऊन जातात आणि पाणी विकत आणतात. सासूबाई म्हणाल्या, “पानी इकत्यात? त्येंच्यापरीस आपन शानं.”

“वहिनी, मी पटकी बघितली आहे तिथं. ज्या घरात पाणी उकळायचं, ती घरं राहिली. शेजारची गेली.”

दोन वर्षं ते हेच बोलले. शेवटी कटकट नको म्हणून वस्तीवरच्या पाच-सहा घरांनी पाणी उकळायला घेतलं. आमच्याही घरी मी उकळायची. लाकूडफाटा मी आणायचा आणि पुण्य मास्तरांचं.

मार्थाचं लग्न ठरलं ते उन्हाळ्यात. आमची विहीर आटली होती. सगळी वस्ती सीना नदीच्या वाळूत झिरा, म्हणजे पाझराचा खड्डा, खणून पाणी आणायची. लग्नाच्या दोन दिवस आधी वरच्या वाडीची बातमी आली. मास्तर आले आणि सासूबाईंसमोर खाली बसले.

“वहिनी, लग्नाचं सगळं पाणी उकळायचं.”

“वऱ्हाडाला ऊन पानी? बाळंतीन हाय का कोन त्येंच्यात? का मढ्याला आंगूळ घालायचीय?”

“गार करून द्या. पण उकळून द्या. मी लाकडं आणतो, मी हंडे आणतो.”

त्यांनी खरंच देवळातले तीन हंडे आणले आणि दोन दिवस स्वतः जाळ घातला. लग्नाच्या दिवशी सकाळी शेवटचे हंडे उतरवले. ते निवायला दुपार झाली असती. वऱ्हाड लवकर आलं. मास्तर पाळकांना आणायला गेले होते. सासूबाईंनी माठात बोट घातलं आणि म्हणाल्या, “हे कढत हाय की. रूथ, इसन घाल.”

मी विसण घातलं. त्यात विचार करण्यासारखं काही वाटलंच नाही. आमच्याकडे तापवलेलं पाणी म्हणजे विसण घातलेलं पाणी. चव घेऊन पाहिली, सासूबाईंनीही घेतली. मार्थाला सकाळपासून तहान होती, तिला पहिला पेला दिला. नवऱ्या मुलाचा धाकटा चुलता प्याला, दोन गाडीवान प्याले. मग मास्तर आले. उकळलेलं पाणी त्यांनी फडक्यानं गाळून भरलं होतं, तरी माठाच्या बुडाशी त्यांना नदीची वाळू दिसली.

माझं “मी” ऐकल्यावर आणि माठ फुटल्यावर त्यांनी मला एकच विचारलं, “इतके दिवस घरी उकळत होतीस, तेव्हाही घालत होतीस?”

“मंग काय, तोंड भाजून घ्यायचं?”

मास्तर मांडवाच्या खांबाला धरून उभे राहिले. दोन वर्षांत त्यांनी आम्हाला नदीला वाट काढून देणारा राजा सांगितला, भिंत सांगितली, चार प्रकारचे ‘मा’ सांगितले. विसण घालू नका, एवढं सांगायचं राहिलं होतं. चीनमध्ये कुणी घालत नाही, म्हणून त्यांच्या डोक्यात आलं नाही.

याकोबअण्णा उठले. ते हळू बोलायचे, त्याचीच भीती वाटायची. “आमी पाव्हनं हाय का चोर? हातातला पेला हिसकावला. चारचौगांत धोतार भिजिवलं. जुंपा रं गाड्या.”

सासूबाईंनी त्यांच्यापुढे पदर पसरला. मार्था पांढरं लुगडं नेसून दारात उभी होती, आणि वऱ्हाड दारातून परत गेलेल्या मुलीचं पुढं काय होतं ते तिलाही माहीत होतं.

मास्तर म्हणाले, “अण्णा, पाण्यात पटकी असेल. प्याल तर मराल.”

“आमी जल्मभर असलंच पेतो. पानी न्हाई वाईट, तुमचं डोस्कं वाईट हाय. लई शानं आसाल तर तुमी प्या ह्यातलं. सगळ्यांफुडं. मंग आमी बसतो.”

चीनमध्ये मानाला ‘तोंड’ म्हणतात, असं मास्तर नेहमी सांगायचे. एखाद्याचं तोंड चारचौगांत घालवलं तर ते परत द्यावं लागतं, नाहीतर काहीच पुढं सरकत नाही. मी हे दहा वेळा ऐकलं होतं आणि दहा वेळा कानाआड केलं होतं.

ते म्हणाले, “पितो. पण मी प्यालो की तुमचा मान राहिला. मग उरलेले माठ मी ओतणार. पुन्हा पाणी उकळेपर्यंत तुमच्यातला कुणी थेंब घेणार नाही. कबूल?”

अण्णांनी ओलं धोतर झटकलं. “कबूल. पन जेवान येळंवर पायजे.”

“रूथ, पेला भर.”

मी भरला. त्यांनी दोन्ही हातांनी घेतला, सगळा प्यायले आणि पेला उलटा करून अण्णांना दाखवला. तिकडे असाच रिकामा पेला दाखवतात, हेही सांगायला विसरले नाहीत.

मी त्यांना बाजूला घेऊन म्हटलं, “मागल्या दारी जा आन घशात बोटं घाला.”

“नाही. शब्द दिलाय. तोंड जाईल.”

“आवं, जीव जाईल!”

“आधी कोण कोण प्यालं ते सांग.”

मी सांगितलं. त्यांनी बोटांवर मोजलं. मार्थाचं नाव आलं तेव्हा बोट तसंच धरून ठेवलं.

माठ ओतले. वऱ्हाडानं उन्हात दोन तास जीभ चावली आणि मग ऊन पाणी फुंकून फुंकून प्यालं. असं लग्न आम्ही जन्मात पाहिलं नाही, असं म्हणाले. मार्थाचं लग्न लागलं. गाडीत बसताना सगळ्या बाया रडत होत्या. मास्तर पुढं झाले. मला वाटलं आशीर्वाद देतील. ते तिला म्हणाले, “जुलाब लागले तर तांदळाची पातळ पेज, मीठ घालून, घोट घोट, दिवसभर. उलटी झाली तरी पुन्हा घ्यायची. पाणी उकळलेलं. विसण नाही. म्हणून दाखव.”

“काका...”

“म्हणून दाखव.”

तिनं रडत रडत म्हणून दाखवलं. नवरदेव दुसरीकडे बघत होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंना जुलाब लागले, दुपारी मास्तरांना. भिंतीच्या अलीकडे एक, पलीकडे एक. मी पेजेचं पातेलं घेऊन या दारातून त्या दारात. वस्तीवरच्या म्हाताऱ्या म्हणाल्या, पटकीत पाणी देऊ नये, दिलं की माणूस जातो. मास्तर पडल्या पडल्या म्हणाले, “त्यांना बाहेर काढ.” मी काढलं. शिव्या खाल्ल्या.

सासूबाईंनी खारट पेज थुंकून टाकली. “गार दे गं, रूथ. गार पानी दे.” मी उकळून निववलेलं दिलं तर त्यांनी ओळखलं. त्यांचे डोळे आत गेले होते, हाताची कातडी चिमटीत धरली तशी उभी राहत होती. माझ्यावर त्या रागावल्या नाहीत. विसण घाल, असं त्यांनीच सांगितलं होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी त्या गेल्या. मी हात धुतले, राखेनं घासले आणि पलीकडे मास्तरांना पेज पाजायला गेले, कारण दुसरं कोणी जायला तयार नव्हतं.

मास्तरांनी प्रत्येक चमचा घेतला. ओकले, पुन्हा घेतला. आवाज पार गेला होता, तरी बोलायचे. तिकडे आजाऱ्याला हीच पेज देतात, तीत आलं घालतात, अमक्या गावची पातळ, तमक्या गावची घट्ट. मी म्हटलं, “मास्तर, आता तरी गप पडा. मला मेलेल्या मानसाचं रडू तरी द्या.” त्यांनी पुढचा चमचा घेतला. थोड्या वेळानं म्हणाले, “विसणाचं मी सांगायला पाहिजे होतं.”

“व्हय,” मी म्हटलं. “पायजे हुतं.”

मी त्यांची समजूत घातली नाही आणि त्यांनी माझी घातली नाही.

मग सरकारी माणूस आला, झिऱ्यात लाल औषध टाकून गेला. जामखेडकडून निरोप यायला बारा दिवस लागले. त्या बारा दिवसांत मास्तर रोज काठी टेकत रस्त्यापर्यंत जायचे आणि येणाऱ्या गाडीवानाला विचारायचे. एकदाही “जेवलात का” म्हणाले नाहीत.

निरोप आला, आणि मग पावसाळ्यात मिशननं त्यांची बदली दुसरीकडे केली. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते रस्त्यावर. लढाईमुळे मोटारी तेव्हा कोळशाच्या गॅसवर चालायच्या. नगरची मोटार चढावर बंद पडली होती, ड्रायव्हर काळा होऊन भट्टीचा पंखा फिरवत होता, आणि मास्तर निळा डगला घालून त्याच्या शेजारी उभे राहून त्याला सांगत होते की चीनमध्ये लोखंड कधीपासून वितळवतात. ड्रायव्हर म्हणाला, “बाबा, सांगत बसन्यापरीस ढकला.” त्यांनी पेटी माझ्या हातात दिली, दोन्ही हातांनी, आणि ढकलायला लागले. मोटार सुरू झाली. पेटी माझ्याकडून घ्यायला ते धावत परत आले, तेव्हा धाप लागल्यामुळे काही बोलले नाहीत.

ते पाणी आम्ही सात जण प्यालो होतो. सासूबाई गेल्या. नवऱ्या मुलाचा धाकटा चुलता गेला. दोन्ही गाडीवानांना काही झालं नाही. मला काही झालं नाही. मास्तर जगले. मार्थाला सासरी पोचल्यावर लागले, तिनं चार दिवस पेज घेतली, आणि ती जगली.